खाडीकिनारची पाणथळ जागा विकास आराखड्यातून वाचवता येते का?

येते, पण आराखडा मसुद्यात असतानाच. ठाणे खाडीचंच बघा. २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला; तरी भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित (फ्लेमिंगो) उडून नवी मुंबईतल्या सीवूड्स-नेरूळच्या तळ्यांवर येऊन उभे राहतात. ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर! म्हणजे त्यांचं भवितव्य ठरतं ते आराखड्यात तिथे कुठला रंग भरलाय, म्हणजे जमिनीचा कुठला वापर दाखवलाय, त्यावर.

कांदळवनाला (खारफुटीला) सीआरझेडचं, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या नियमांचं, कवच आहे. १००० चौ.मी.पेक्षा मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा पट्टाही. उघड्या पाणथळीला तेवढं बळ नाही, म्हणून खरी लढाई तिथली.

मसुदा जाहीर झाला की मुदतीत लेखी हरकत द्या. सर्व्हे नंबर, भरती-ओहोटीच्या वेळचे तारखेसह फोटो जोडा. नुसतं ‘निसर्ग वाचवा’ लिहून सुनावणीत काही हाती लागत नाही. आणि भरतीचं पाणी आत आणणारे नाले, पाइप नकाशात दाखवायला लावा. ते बुजले की तळं आपोआप सुकतं, मग ‘इथे पाणथळ होतीच कुठे?’ म्हणायला सगळे मोकळे.