२९६ जीटीबीला सिरॅमिक आणि जीटी३ला बीड, हे उलटं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: फेरारी २९६ जीटीबी या रस्त्यावरच्या गाडीला कार्बन-सिरॅमिक डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती) असतात, आणि तिच्याच रेसिंग आवृत्तीला, म्हणजे २९६ जीटी३ला, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. रेसच्या गाडीला ब्रेक जास्त भारी हवेत ना, मग असं का? आणि फॉर्म्युला वनमधला 'कार्बन' तो हाच का? शेवटच्या ओळीत हेही विचारलंय की वापरलेली पोर्शे ९११ जीटी३ घेताना ब्रेकचं काय बघायचं.

पहिल्याचं उत्तर दोन शब्दांत देता येतं: नियम आहे. जीटी३ हा रस्त्यावरच्या गाड्यांवरून केलेल्या रेस-गाड्यांचा वर्ग; त्याच्या तांत्रिक नियमांत डिस्क लोहयुक्त धातूचीच लागते, कुठल्याही कंपनीची गाडी असो. (माहितीपत्रकात 'स्टील' छापतात, गाडीखाली बघाल तर बीडच.) पण हा नियम काढला तरी बरेच संघ बिडावरच राहतील असं माझं मत आहे. कारण सांगतो.

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारं यंत्र. ती उष्णता हवेत जायला वेळ लागतो, तोवर ती डिस्कनेच पोटात ठेवायची असते. चालकासकट १६०० किलोची गाडी ताशी ३०० वरून १०० किलोमीटरवर आणली, तर साधारण ४९ लाख ज्यूल उष्णता तयार होते, तीही काही सेकंदांत. आता बिडाची घनता (ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) ७.२ च्या आसपास, कार्बन-सिरॅमिकची २.४ च्या आसपास. म्हणजे त्याच मापाची सिरॅमिक डिस्क वजनाला एक तृतीयांश. किलोमागे ती बिडापेक्षा दीडपट-पावणेदोनपट उष्णता सामावते हे खरं, पण हिशेब केलात तर एकूण साठवण निम्म्याच्या थोडी वरच भरते. जाड बिडाचा तवा आणि पातळ पत्र्याचा तवा, तसा फरक. म्हणून सिरॅमिक डिस्क मोठी करावी लागते. ९९१ पिढीच्या पोर्शे ९११ जीटी३ला (नावात जीटी३, पण गाडी रस्त्यावरची) पुढे बिडाची डिस्क ३८० मिमीची होती, सिरॅमिक घेतली तर ४१० मिमीची. २९६ जीटीबीची पुढची डिस्क ३९८ मिमी व्यासाची आणि ३८ मिमी जाड आहे, ती काही दिखाव्यासाठी नाही.

मग सिरॅमिकचा फायदा काय? वजन. पोर्शे स्वतः सांगते की त्यांची सिरॅमिक डिस्क बिडाच्या निम्म्या वजनाची असते. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, म्हणजे स्प्रिंग तोलत नाही असं, शिवाय फिरणारं, त्यामुळे एकेक किलो स्टिअरिंगमध्ये जाणवतो. गंज नाही, रिमवर काळी भुकटी जवळजवळ नाही, आणि रस्त्यावरच्या वापरात डिस्क वर्षानुवर्षं झिजत नाही. रस्त्यावरच्या मालकाला हेच हवं असतं. पोर्शेने २००१ मध्ये ९११ जीटी२ला या डिस्क दिल्या, २००२ मध्ये फेरारी एन्झो आली तीही याच्यावर.

ट्रॅकवर मात्र चित्र बदलतं. सिरॅमिक डिस्क बनते ती कार्बनचे तुकडे-तंतू आणि रेझिन साच्यात दाबून, ते भाजून कोळसा करून, मग त्यात वितळलेलं सिलिकॉन शोषवून. सिलिकॉन कार्बनशी संयोग पावून सिलिकॉन कार्बाइड होतं, तेच ते कठीण सिरॅमिक. पण आत काही कार्बन शिल्लक राहतो. लॅपमागून लॅप डिस्क तापत राहिली की तो ऑक्सिजनशी जळू लागतो. डिस्कची जाडी तीच, पण आतून ती पोकळ होत जाते. मापकाने जाडी मोजून हे कळत नाही. म्हणून या डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं आणि डिस्क काढून चक्क तराजूवर ठेवतात. पोर्शेच्या वर्कशॉपमध्ये कार्बोटेक नावाचं उपकरणही असतं, ते डिस्क न काढता आतला कार्बन किती उरला ते सांगतं.

बीड कसं मरतं ते डोळ्यांना दिसतं. आधी पृष्ठभागावर केसासारख्या चिरा येतात, त्या वाढून कडेपर्यंत किंवा एकमेकींना भिडायला लागल्या की डिस्क काढून टाकायची. मेकॅनिक टॉर्च मारून सांगू शकतो. डिस्कच्या कडेला उष्णतेचा रंग लावतात: हिरव्याचा रंग ४३० अंशांना बदलतो, नारिंगीचा ५६० ला, लालचा ६१० ला. लाल गेलेला दिसला की ब्रेकला गार हवा नेणारा डक्ट मोठा करा. इतकं सोपं. २४ तासांच्या शर्यतीत मधेच डिस्क-पॅड बदलायचे असतात, तेव्हा ब्रेकच्या नळीला झटपट सुटणारे जोड असतात आणि अख्खा कॅलिपर (डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा चिमटा) नव्या पॅडसकट चढवतात. अशा धबडग्यात स्वस्त, ओळखीचा, अंदाज देणारा तुकडा हवा. जीटी३ हा वर्गच मुळी स्वतःच्या पैशाने धावणाऱ्या हौशी चालकांसाठी २००६ मध्ये उभा राहिला, गाड्यांना एबीएस असतं, आणि कामगिरीचा समतोल आयोजकच साधतात, म्हणजे वेगवान गाडीला वजन वाढवून किंवा ताकद घटवून बाकीच्यांच्या बरोबरीला आणतात. तिथे हलक्या डिस्कने कमावलेला वेळ समतोलाच्या कोष्टकात परत काढून घेतला जाणार, मग खर्च कशाला?

आता गंमत बघा. त्याच २९६ची तिसरी आवृत्ती आहे, २९६ चॅलेंज, फेरारीच्या स्वतःच्या एकाच-मॉडेलच्या मालिकेसाठी. तिला जीटी३चे नियम लागू नाहीत, आणि तिथे फेरारीने ब्रेक बनवणाऱ्या ब्रेम्बो कंपनीच्या सीसीएम-आर प्लस डिस्क लावल्या, म्हणजे ट्रॅकसाठी केलेली सिरॅमिकच. याच कारखान्याची ४९९पी ही ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीची हायपरकार तर थेट कार्बन-कार्बनवर (ते काय, ते पुढे येतंच). एकाच घरात चार गाड्या, चार उत्तरं. 'रेसची म्हणजे भारी' हा नियम इथेच मोडतो.

उपप्रश्न. फॉर्म्युला वनची डिस्क सिरॅमिक नाही, ती कार्बनच्या तंतूंमध्ये कार्बनच भरलेली असते. तंतूंचा गठ्ठा भट्टीत ठेवून त्यातून मिथेनसारखा वायू सोडतात, वायूतला कार्बन तंतूंवर थराथराने जमतो, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं. घनता १.७-१.८, म्हणजे सिरॅमिकहूनही हलकी. तंत्र विमानांकडून आलं: कॉन्कॉर्ड विमानाच्या चाकांत कार्बन ब्रेक होते, आणि १९७६ मध्ये ब्रॅबम संघाने ते फॉर्म्युला वनमध्ये आणून पाहिले. हजार अंशांवरही तिची पकड टिकते, पण थंड असताना ती जवळपास धरतच नाही, साधारण तीन-चारशे अंशांपुढे शुद्धीवर येते. म्हणून फॉर्मेशन लॅपला, म्हणजे शर्यत सुटण्याआधीच्या फेरीत, चालक ब्रेक रगडताना दिसतात. शाळेसमोरच्या गतिरोधकाला असले ब्रेक घेऊन कोण जाणार? त्यातून ५०० अंशांच्या वर हवेत तीही जळतच असते, शर्यत संपेपर्यंत पुरली म्हणजे झालं.

उरला तुमच्या शेवटच्या ओळीतला मुद्दा, वापरलेली, रस्त्यावरची पोर्शे ९११ जीटी३ घ्यायचा. पिवळे कॅलिपर म्हणजे सिरॅमिक, लाल म्हणजे बीड, बशर्ते कुणी रंगवलेले नाहीत. ट्रॅकवर नियमित जाणारे अनेक मालक मुद्दाम लालच मागतात. पिवळी मिळाली तर चारही डिस्कचं वजन कोरलेल्या आकड्याशी ताडून घ्या, आणि कडा बोटाने तपासा: चाक काढता-घालताना रिम आपटून टवके उडतात, म्हणून जाणकार मेकॅनिक आधी लांब गाइड पिन लावूनच चाक उतरवतो. संच बदलायचा तर खर्च लाखांत जातो, तो किमतीतूनच वजा करून मागा.