आधी त्याचं टेलिफोनचं बिल विचार

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

2019 मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून (म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यातून) काढून टाकलेला आयएसडीएनचा, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून डिजिटल जोडणी देणाऱ्या सेवेचा, जुना कोड तू चाळलास आणि विचारलंस, एवढा खटाटोप लोकांनी कशासाठी केला? प्रश्न मला आवडला. पण त्याखाली 'फुकट गेलेली मेहनत' असं लिहिलंस, ते पटलं नाही.

ती मेहनत मुख्यतः जर्मनीत झाली आणि तिचं कारण तिथल्या टेलिफोनच्या मीटरमध्ये आहे. 1996 पासून तिथे गावातल्या गावात फोन केला तरी दिवसा दर 90 सेकंदांना एक युनिट, म्हणजे 12 फेनिग (जर्मन मार्कचे पैसे) पडत. साधा मॉडेम जोडला जाईपर्यंत अर्धं मिनिट जायचं, आयएसडीएनची लाइन मात्र एक-दोन सेकंदांत लागायची. मग डेटाचं पॅकेट निघालं की लाइन लावायची, काम थांबलं की तोडायची, हे परवडू लागलं. पुढचं युनिट पडायच्या आत फोन ठेवण्याची सोयसुद्धा त्या कोडमध्ये होती! ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर महिन्याचं बिल होतं, हे मला तो कोड वाचताना दर वेळी जाणवतं. तिथल्याच सुझे या कंपनीने आयएसडीएनची जोडणी आपल्या लिनक्सच्या वितरणात सोपी करून दिली. उलट बाजूही होती. डीएनएसची (संगणकाच्या नावावरून त्याचा पत्ता विचारणारी) एखादी चुकीची चौकशी दर काही मिनिटांनी बाहेर पडत राहिली, तर घरात कुणी नसतानाही मशीन फोन लावत बसे.

अमेरिकेत बहुतेक घरांत स्थानिक फोन ठरावीक मासिक रकमेत होई. मॉडेम रात्रभर लावून ठेवला तरी बिल तेवढंच. आयएसडीएनला मात्र बऱ्याच ठिकाणी मिनिटांप्रमाणे पैसे, शिवाय एक्सचेंजप्रमाणे बदलणाऱ्या सेटिंगची डोकेदुखी. तिथल्या माणसाने ते का घ्यावं? जपानमध्ये 1995 पासून रात्री 11 ते सकाळी 8 ठरावीक रकमेत आधी नोंदवलेल्या क्रमांकांवर हवं तेवढं जोडून राहायची योजना होती, त्यामुळे तिथे लोक इंटरनेटसाठी रात्री जागले.

सगळ्यात जास्त शिकवतो तो पूर्व जर्मनी. एकीकरणानंतर तिथे काही भागांत रस्त्याच्या टोकापर्यंत थेट ऑप्टिकल फायबर टाकली, त्या काळी सगळ्यात पुढची. पण एडीएसएलला (टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देणाऱ्या डीएसएलच्या प्रकाराला) एक्सचेंजपासून घरापर्यंत तांब्याची तार लागते. 1999 मध्ये देशात डीएसएल सुरू झालं, तेव्हा नवी कोरी लाइन मिळालेली हीच घरं मागे पडली आणि पुढे कित्येक वर्षं आयएसडीएनवरच राहिली. त्यांना 'जुनाट' म्हणणं अन्याय होईल.

आपल्याकडेही स्थानिक फोनला पल्स पडत, पण आयएसडीएन सामान्य घरात आलंच नाही. मी पहिलं लिनक्स घातलं ते मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून. त्यामुळे पॅकेज उतरवून घेण्याआधी आकार बघायची सवय माझ्या हाताला अजून आहे.

आता तुझ्याकडे पडून असलेल्या त्या पॅचविषयी, म्हणजे कुणीतरी पाठवलेल्या कोडमधल्या बदलाविषयी. मागच्या मागे होणारं अपडेट थांबवायची सोय मागणाऱ्याला तू 'गरज नाही' असं कळवणार आहेस. थोडं थांब. त्याच्याकडे कुठली लाइन आहे, पैसे वेळेनुसार पडतात की डेटानुसार, हे त्याला विचार. तो काय म्हणतो ते मलाही कळव.

तुझा,
काका