आयपी:पोर्ट:युजर:पासवर्ड अशी प्रॉक्सी स्क्रिप्टमध्ये का चालत नाही?

तुम्ही लिहिलंय की महापेच्या ऑफिसात प्रॉक्सीची (तुमचं मशीन आणि साइट यांच्या मधला सर्व्हर) यादी आयपी:पोर्ट:युजर:पासवर्ड अशी मिळाली आणि कर्ल (कमांड लिहून वेबवरून डेटा आणायचं टूल) ती घेत नाही. यादी बरोबर आहे, फक्त क्रम वेगळा आहे. कर्लला यूआरएलसारखी मांडणी लागते:

एचटीटीपी://युजर:पासवर्ड@आयपी:पोर्ट

म्हणजे १९२.०.२.१०:८०८०:रमा:गुपित या ओळीचं एचटीटीपी://रमा:गुपित@१९२.०.२.१०:८०८० असं होईल. (इथे देवनागरीत लिहिलंय, टाइप करताना सगळं इंग्रजीतच.)

खरी गोची पासवर्डमध्ये असते. मी ऐरोलीत नोकरीला असताना अख्खी दुपार यात घालवली आहे. सारखा ४०७ एरर, म्हणजे प्रॉक्सीला तुमची ओळख पटत नाही. पासवर्डमध्येच @ होता, आणि वरच्या मांडणीत @ नंतर आयपी सुरू होतो, म्हणून गोंधळ! अशा वेळी @ च्या जागी %४० आणि # च्या जागी %२३ लिहायचं. पासवर्डमध्ये कोलनही असू शकतो, म्हणून पायथॉनमध्ये ओळ तोडताना स्प्लिटला ३ ही मर्यादा द्या, म्हणजे पहिल्या तीन कोलनवरच तुटेल आणि पासवर्ड अखंड राहील.

यूआरएलच्या सुरुवातीला एचटीटीपी लिहायचं की सॉक्स५ (प्रॉक्सीचा दुसरा प्रकार) हे यादीतल्या ओळीवरून कळत नाही, ज्यांनी यादी दिली त्यांनाच विचारा. सॉक्स५ असेल तर सॉक्स५एच लिहून बघा, मग साइटच्या नावाचा आयपी प्रॉक्सीच शोधते, तुमचं मशीन नाही. आयपीव्ही६ (कोलन असलेला लांब आयपी) पत्ता मात्र यूआरएलमध्ये चौकोनी कंसात हवा.

आणि कृपा करून खरा पासवर्ड इथे कमेंटमध्ये टाकू नका.