मोठ्या पडद्यावर गेम धूसर का दिसतो? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हातात धरून खेळायचं उपकरण मॉनिटरला जोडलं आणि चित्र बिघडलं, अशा तक्रारींना या वेळी उत्तरं देत आहोत. त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. पडद्यावर दिसणाऱ्या चित्रामागे तीन वेगवेगळी रिझोल्यूशनं (चित्रातल्या पिक्सेलची रुंदी आणि उंची) असतात: गेम स्वतः ज्या रिझोल्यूशनवर चित्र तयार करतो ते, उपकरण केबलमधून जे पाठवतं ते, आणि मॉनिटरच्या पॅनेलचं मूळ रिझोल्यूशन. या तिघांपैकी नेमकं कोणतं चुकतंय हे आधी शोधा. ते न शोधता नवी केबल किंवा नवा डॉक (उपकरण मॉनिटरला जोडणारा स्टँड) घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

प्रश्न: स्टीम डेक (हातात धरून खेळायचा गेमिंग पीसी) डॉकमधून २५६०×१४४० च्या मॉनिटरला जोडला आहे. स्टीमचा मेन्यू स्वच्छ दिसतो, पण गेम सुरू झाला की चित्र धूसर होतं आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. गेमच्या सेटिंगमध्ये १२८०×८०० च्या वरचा पर्यायच दिसत नाही. डॉक खराब आहे का?

उत्तर: नाही, डॉक ठीक आहे. मेन्यू स्वच्छ दिसतोय, म्हणजे डेक मॉनिटरला पूर्ण १४४०पी (१४४० ओळींचा) सिग्नल पाठवतोय. अडचण पहिल्या टप्प्यावर, म्हणजे गेममध्ये आहे. गेमिंग मोडमध्ये स्टीमओएस (डेकची ऑपरेटिंग सिस्टिम) प्रत्येक गेमला, वेगळं सांगितलं नसेल तर, डेकच्या स्वतःच्या पडद्याएवढंच म्हणजे १२८०×८०० रिझोल्यूशन दाखवतं. बाहेर केवढाही मोठा मॉनिटर असला तरी गेमला त्याचा पत्ता नसतो. काळ्या पट्ट्यांचं कारणही हेच. डेकचा पडदा १६:१० प्रमाणाचा आणि तुमचा मॉनिटर १६:९ चा. ८०० ओळी १४४० पर्यंत ताणल्या की रुंदी २३०४ होते आणि दोन्ही बाजूंना १२८-१२८ पिक्सेल रिकामे राहतात.

उपाय असा. लायब्ररीत त्या गेमच्या पानावर जा, गिअरच्या चिन्हावरून प्रॉपर्टीज उघडा आणि जनरल विभागात गेम रिझोल्यूशन ‘डिफॉल्ट’ आहे ते ‘नेटिव्ह’ करा. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि गेमच्या स्वतःच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये नवं रिझोल्यूशन हाताने निवडा. बरेच जण ही शेवटची पायरी विसरतात. गेमने जुना आकडा आपल्या फाइलमध्ये जपून ठेवलेला असतो आणि तो आपणहून बदलत नाही. शिवाय बरेचसे गेम रिझोल्यूशनची यादी सुरू होतानाच वाचतात, म्हणून आधी केबल जोडा आणि मगच गेम चालू करा.

आता खरा सल्ला. यादीत २५६०×१४४० दिसू लागलं म्हणून ते निवडायलाच हवं असं नाही. तेवढ्या चित्रात ३६,८६,४०० पिक्सेल असतात, डेकच्या पडद्यावर १०,२४,०००. म्हणजे काम ३.६ पट वाढलं. डॉकला लावल्याने डेकची ताकद वाढत नाही, चिपची वीजमर्यादा तिथेही १५ वॅटच असते. साध्या द्विमितीय किंवा जुन्या गेमना १४४०पी झेपेल. जड त्रिमितीय गेम मात्र अडखळतील.

अशा जड गेमसाठी १२८०×७२० निवडा. तुमच्या मॉनिटरसाठी तो फार सोयीचा आकडा आहे: १४४०पीच्या बरोबर निम्मा, प्रमाण १६:९ असल्याने पट्टे नाहीत, आणि पिक्सेल ९,२१,६००, म्हणजे हातात खेळताना असतात त्याहूनही कमी. त्यानंतर तीन ठिपक्यांचं बटण दाबून परफॉर्मन्स विभागात जा आणि स्केलिंग फिल्टर एफएसआर (लहान चित्र मोठं करताना कडा रेखीव ठेवणारी पद्धत) ठेवा. कडा पुष्कळ सुधारतात. पिक्सेल आर्टच्या गेमसाठी मात्र एफएसआर नको. तिथे स्केलिंग मोड ‘इंटिजर’ आणि फिल्टर ‘पिक्सेल’ ठेवलात, तर प्रत्येक पिक्सेलचा नेमका दोन बाय दोनचा चौकोन होतो आणि चित्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. मधला मार्ग हवा असेल तर १६००×९०० वापरून पाहा. एफएसआर तेव्हाच काम करतं, जेव्हा गेमचं रिझोल्यूशन मॉनिटरला जाणाऱ्या रिझोल्यूशनपेक्षा कमी असतं. दोन्ही सारखे ठेवून एफएसआर चालू केलंत तर काहीच फरक दिसणार नाही.

प्रश्न: यूएसबी-सी हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीतून) ४के मॉनिटर जोडला. रिझोल्यूशन ३८४०×२१६० मिळतं, पण ३० हर्ट्झच (सेकंदाला ३० चित्रं). माउसचा बाणसुद्धा तुटक हलतो. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे.

उत्तर: इथे दुसरा टप्पा अडलाय: उपकरण ते मॉनिटर. ४के, ६० हर्ट्झ चित्राला सुमारे १२ ते १४ गिगाबिट प्रतिसेकंद एवढी जागा लागते. ती दोन ठिकाणी कमी पडू शकते.

पहिलं ठिकाण हबमधली एचडीएमआय चिप. ती एचडीएमआय १.४ ची असेल तर तिची मर्यादा १०.२ गिगाबिट, म्हणजे ४केला ३० हर्ट्झच. केबल कितीही भारी आणली तरी उपयोग नाही. हबच्या माहितीत ‘४के’ एवढंच लिहिलं असेल तर तो ३० हर्ट्झचा समजा. ‘४के ६० हर्ट्झ’ किंवा एचडीएमआय २.० असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या.

दुसरं ठिकाण यूएसबी-सी पोर्ट स्वतः. त्यात वेगवान तारांच्या चार जोड्या असतात. हबवर यूएसबी ३ चे पोर्ट असतील तर बहुधा दोन जोड्या त्यांच्याकडे जातात आणि चित्रासाठी दोनच उरतात. त्या डिस्प्लेपोर्ट (यूएसबी-सीमधून चित्र पाठवण्याची पद्धत) १.२ च्या वेगाने चालल्या तर प्रत्यक्ष ८.६४ गिगाबिट मिळतात, ४के ६० हर्ट्झला अपुरे. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने त्याच दोन जोड्या १२.९६ गिगाबिट वाहून नेतात, आणि तेवढ्यात काम जेमतेम बसतं. पण त्यासाठी उपकरण आणि हब दोन्ही १.४ चे हवेत. यूएसबी २ च्या तारा वेगळ्या असतात, त्यामुळे फक्त यूएसबी २ चे पोर्ट आणि चार्जिंग असलेला हब चारही जोड्या चित्राला देऊ शकतो. माउस, कीबोर्ड आणि कंट्रोलरला यूएसबी २ पुरेसं आहे, म्हणून खेळण्यासाठी असा साधा हबच आम्ही सुचवू.

हब बदलायच्या आधी मॉनिटरचा मेन्यू जरूर तपासा. काही मॉनिटरमध्ये एचडीएमआय १.४ की २.० असा पर्याय असतो आणि तो १.४ वर राहिलेला असतो. टीव्ही असेल तर त्या इनपुटसाठी ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ अशा नावाची सेटिंग चालू करा. तूर्तास खेळायचंच असेल तर २५६०×१४४० ठेवून ६० हर्ट्झ निवडा. त्याला सुमारे ६ गिगाबिट पुरतात, आणि हलत्या चित्राला ३० हर्ट्झच्या ४केपेक्षा ते केव्हाही बरं.

प्रश्न: टीव्हीवर गेमच्या कडा कापल्या जातात, कोपऱ्यातला नकाशा अर्धा दिसतो.

उत्तर: याला ओव्हरस्कॅन म्हणतात. टीव्ही चित्र थोडं फुगवतो आणि कडा बाहेर जातात. टीव्हीच्या पिक्चर मेन्यूत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘१:१’ किंवा ‘ओरिजिनल’ यांपैकी जे असेल ते निवडा, किंवा त्या इनपुटचा प्रकार पीसी करा. उपकरणातून चित्र आक्रसून घेणं हा शेवटचा उपाय, कारण त्यात चित्र दोनदा लहान-मोठं केलं जातं आणि अक्षरं मऊ पडतात.

प्रश्न: विंडोजवर चालणारं १९२०×१०८० पडद्याचं हँडहेल्ड १४४०पी मॉनिटरला जोडलं, तर १०८०पीच्या वर जाताच येत नाही.

उत्तर: दोन्ही पडद्यांवर एकच चित्र, म्हणजे ‘डुप्लिकेट’ पद्धत चालू असणार. त्यात विंडोज दोघांनाही जमेल असंच रिझोल्यूशन देतं. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जाऊन मल्टिपल डिस्प्लेज खाली ‘शो ओन्ली ऑन २’ निवडा आणि मग रिझोल्यूशन बदला. खात्रीसाठी अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे डेस्कटॉप मोड आणि अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड असे दोन आकडे दिसतात. दोन्ही २५६०×१४४० हवेत. वेगळे असतील तर विंडोज एक आकारमान आखतंय आणि केबलमधून दुसरंच जातंय.

एवढं करूनही एखादा जुना गेम १७०७×९६० असा विचित्र आकडा दाखवत असेल, तर तो विंडोजच्या १५० टक्के स्केलिंगचा परिणाम आहे: २५६० भागिले दीड. गेमच्या ईएक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅबवर हाय डीपीआय सेटिंग उघडा, ओव्हरराइडवर खूण करा आणि ‘अ‍ॅप्लिकेशन’ निवडा.

प्रश्न: पहिला निन्टेन्डो स्विच ४के मॉनिटरला जोडला तर २१६० ओळी का मिळत नाहीत?

उत्तर: तो डॉकमधून जास्तीत जास्त १०८०पी पाठवतो. ओएलईडी मॉडेलही तेवढंच. स्विच लाइटमधून तर चित्र बाहेर येतच नाही. चित्र मऊ वाटलं म्हणून मॉनिटरची शार्पनेस सेटिंग भरमसाट वाढवू नका, कडांभोवती पांढरी रेघ उमटते.

प्रश्न: सगळं नीट जोडूनही कधी ६४०×४८०, कधी १०२४×७६८ एवढंच मिळतं. केबल हलवली की बदलतं.

उत्तर: मॉनिटर आपण काय दाखवू शकतो याची यादी उपकरणाला पाठवतो. ती ईडीआयडी नावाची छोटी फाइल असते. ती पोहोचली नाही की उपकरण सर्वांना चालेल असा किमान आकडा धरतं. केबल हलवल्यावर फरक पडतो, म्हणजे दोष केबलमध्ये किंवा सैल सॉकेटमध्येच आहे. मधला स्प्लिटर, केव्हीएम (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारा स्विच) आणि जोडकेबल काढून टाका, मॉनिटरची पिन मिनिटभर भिंतीतून काढून ठेवा, मग २ मीटरपेक्षा आखूड दुसऱ्या केबलने मॉनिटरच्या दुसऱ्या पोर्टला थेट जोडा. यादी पूर्ण दिसू लागली की काढलेल्या वस्तू एकेक करून परत लावा. जिथे यादी पुन्हा आखडेल, ती वस्तू बदलायची. तोवर हाताने कस्टम रिझोल्यूशन लादू नका. त्याने आकडा बदलेल, पण सैल जोडणी तशीच राहील आणि खेळताना पडदा मधूनच काळा होत राहील.