बी चांगलं की विहीर चांगली?

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी नागपूरला किरणांचा शेक सुरू आहे, बारा झाले. भाच्यानं मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेतल्या पेशंटच्या नोंदींत आतून किरणांचं बी बसवलेले लोक बाहेरून शेक घेतलेल्यांपेक्षा जास्त जगले. आम्ही चुकलो काय? शेक थांबवावा काय?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : शेक मधेच थांबवू नका, भाऊ. बाकीचं मग.

आमची सात एकर कोरडवाहू. शेजाऱ्याची विहीर होती आणि तो महागडं बी लावायचा. बाजार समितीच्या पट्टीवर त्याचा कापूस आमच्या दुप्पट. एका जूनमध्ये वडिलांनी उधारी करून तेच बी आणलं. वेचणीला पोती नेहमीएवढीच भरली. पट्टीवर क्विंटल लिहिलेले असतात, विहीर नसते.

इथंही तसंच. बी बसवायला भूल द्यावी लागते. हृदय कमजोर, ग्रंथी फार मोठी किंवा लघवी तुंबते, अशांना बहुधा बाहेरूनच शेक देतात. धडधाकट माणसं आधीच एका बाजूला जमतात. भाच्याला म्हणावं, बीवाल्यांत हार्टअटॅकनं गेलेलेही कमी आहेत का बघ. असले, तर ती काही बियांची करामत नाही!

अमेरिकेची ‘सीअर’ नोंदणी १९७३ पासूनची. कॅन्सर किती जणांना झाला, ते किती जगले, यासाठी उत्तम. पण शेकाचा डोस किती, हार्मोनचं इंजेक्शन किती महिने, आजार उलटला का, हे तिच्यात सापडत नाही. पीएसएच्या, म्हणजे प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीच्या, नोंदींत तर दशांश चिन्हाचा घोळ निघाला. २०१५ साली ते आकडे संशोधकांसाठीच्या माहितीतून काढून घ्यावे लागले. ४ चे ४० झाले तर कोणाचा आजार किती वाढलेला, कसं कळणार?

चिठ्ठी टाकून गट पाडले की विहीरवाले दोन्हीकडे सारखे वाटले जातात. ब्रिटनमध्ये, कॅन्सर ग्रंथीबाहेर न पसरलेल्या १,६४३ पुरुषांना असंच देखरेख, ऑपरेशन आणि शेक यांत वाटलं. १५ वर्षांत या कॅन्सरनं गेलेले तिन्ही गटांत ३ टक्क्यांच्या आसपास. बियांची परीक्षा त्यात नव्हती, हेही सांगतो.

तुमच्या डॉक्टरांना एवढं विचारा : बाबांना बी का नको म्हटलं? हार्मोनचं इंजेक्शन लागणार का? आणि बाबा रात्री लघवीला किती वेळा उठतात, ते आजपासून कॅलेंडरवर लिहा. दवाखान्यात जाताना ते पान सोबत न्या.