सॉकर 'रटाळ' की 'कंटाळवाणं'? आणि उत्कंठा म्हणजे नक्की काय

डॅलसच्या एका ताईंचा प्रश्न आहे. २०२६ च्या वर्ल्ड कपच्या निमित्ताने तिकडच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी त्या लेख लिहितायत, विषय असा की अमेरिकन स्पोर्ट्स फॅन्सना सॉकर बघायला बोअरिंग वाटतं की एक्सायटिंग. त्यांनी मसुद्यात बोअरिंगला 'रटाळ' आणि एक्सायटिंगला 'थरारक' लिहिलंय, पण दोन्ही शब्द त्यांनाच खटकतायत, का खटकतायत ते कळत नाहीये, आणि दुसरे शब्दही सुचत नाहीयेत.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. माझ्या मते दोन्ही बदला.

आधी रटाळ घेऊ. रटाळ म्हटलं की सगळा दोष त्या वस्तूचा असतो. भाषण रटाळ असतं, मालिका रटाळ असते, म्हणजे तेच तेच चाललंय, लांबवलंय, संपता संपत नाहीये. आता सॉकरला हे लावून बघा. पंचेचाळीस मिनिटं, मग पंधरा मिनिटं मध्यंतर, परत पंचेचाळीस मिनिटं, दोन तासांत माणूस घरी जायला मोकळा, आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. याउलट अमेरिकन फुटबॉलमध्ये घड्याळ साठ मिनिटांचं असतं पण मॅच संपायला तीन तास तरी जातात, आणि २०१० साली वॉल स्ट्रीट जर्नलने मोजून बघितलं तर चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा वेळ भरला जेमतेम अकरा मिनिटं. बाकी सगळं उभं राहणं, चर्चा, रिप्ले आणि जाहिराती. नुसतं शब्दाच्या अर्थाने बोलायचं तर रटाळ हे विशेषण त्याच्याच पदरात जास्त पडेल, पण त्या खेळाच्या चाहत्याला ते तीन तास अजिबात रटाळ वाटत नाहीत, कारण दोन डावांच्या मधल्या त्या चाळीस सेकंदांत त्याचं डोकं पळत असतं, आता पास टाकणार की पळवणार. म्हणजे खेळालाच चिकटणारं विशेषण घेतलं की भांडण सुटत नाही, नुसती उणीदुणी सुरू होतात.

म्हणून मला इथे 'कंटाळा येणे' हा प्रयोग फार आवडतो, आणि त्याच्याकडे जरा निवांत बघू. मराठीत राग येतो, झोप येते, आठवण येते, तसाच कंटाळा येतो. कोणाला येतो तर 'मला'. कोणी तो आणत नाही, तो आपला आपण येतो आणि ज्याला येतो त्याचा असतो. सॉकर कंटाळवाणं आहे का यावर दोन माणसं रात्रभर वाद घालतील, पण 'अमेरिकन माणसाला सॉकरचा कंटाळा येतो' हे वाक्य ऐकल्यावर पुढचा प्रश्न आपोआप 'का येतो?' असा पडतो, आणि लेख तिथूनच सुरू व्हायला हवा. शिवाय मराठी कंटाळ्यात अजून एक पदर आहे जो बोअरिंगमध्ये नाही. आपण म्हणतो उठायचा कंटाळा आला, स्वयंपाकाचा कंटाळा आला, फोन करायचा कंटाळा केला. हा करमत नसल्याचा कंटाळा नाही, हा काहीतरी करायला नको वाटण्याचा कंटाळा आहे. आणि सॉकरच्या बाबतीत दोन्ही पदर एकदम लागू पडतात, म्हणजे बघताना करमत नाही हे एक, पण ते बघायचं कसं हे शिकायचाही कंटाळा असतो. ऑफसाइड काय, चेंडू नसलेला खेळाडू तिकडे कशाला धावतोय, मागे पास देणं म्हणजे माघार का नाही, हे कोणी शेजारी बसून सांगितल्याशिवाय कळत नाही. आपल्याला बेसबॉल पहिल्यांदा बघताना हेच झालं होतं ना?

आता तक्रार नक्की काय असते ते बघू, कारण शब्द त्यावर ठरतो. अमेरिकन मित्रांकडून मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय त्या दोनच गोष्टी, गोल होत नाहीत आणि शेवटी बरोबरी होते. पहिलीत थोडी आकड्यांची फसगत आहे, अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याला सहा गुण आणि वर एक बोनस, म्हणजे २१-१४ हा घसघशीत दिसणारा स्कोअर मुळात ३-२ च असतो. दुसरी तक्रार मात्र खरी आहे आणि खोलवरची आहे, आणि तिच्यासाठी मराठीत इतका नेमका शब्द आहे की तो तुमच्या लेखात आला नाही तर मला चुटपुट लागेल. तो शब्द म्हणजे 'निकाली'. गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानाचं पोस्टर लागतं त्यावर लिहिलेलं असतं, निकाली कुस्त्यांचं मैदान. म्हणजे कोणीतरी चितपट होणार, पंच मध्ये पडून बरोबरीत सोडवणार नाहीत. अमेरिकन प्रेक्षकाला निकाली खेळ हवा असतो. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलने १९७४ मध्ये साध्या लीग मॅचलाही ओव्हरटाइम आणला, आइस हॉकीच्या एनएचएलने २००५ मध्ये शूटआउट आणून बरोबरी मोडीतच काढली, आणि खुद्द त्यांची सॉकर लीग, एमएलएस, १९९६ ला सुरू झाली तेव्हा बरोबरी नको म्हणून पस्तीस यार्डांवरून एकटा खेळाडू चेंडू घेऊन गोलकीपरवर धावून जायचा, पाच सेकंदांत गोल करायचा, असली खास अमेरिकन पद्धत ठेवली होती. चार सीझन चालली, मग २००० पासून सोडून दिली, आणि जगभरात चालते तशी बरोबरी तिथेही चालायला लागली.

बरोबरीवरून आठवलं, लेखात 'अनिर्णित' लिहू नका. क्रिकेटची टेस्ट अनिर्णित राहते कारण खेळ पुरा न होताच वेळ संपतो. सॉकरची मॅच पूर्ण होते, निकाल असतो, तो समसमान असतो, म्हणून ती 'बरोबरीत सुटते'. पेपरवाले ०-० ला 'गोलशून्य बरोबरी' लिहितात तो शब्द चांगला आहे, तोच घ्या.

आणि कोणी म्हणेल की ज्यांना निकाली हवं असतं त्यांना हा खेळ पचणारच नाही, तर त्यांना कोल्हापूर दाखवा. कुस्तीचं खासबाग मैदान तिथलंच आणि फुटबॉलला तुडुंब भरणारं शाहू स्टेडियमही तिथलंच, फुटबॉलच्या टीमची नावंसुद्धा पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी. जी माणसं कुस्तीत बरोबरी सोडवली की हळहळतात तीच फुटबॉलला ०-० वर शेवटपर्यंत उभी राहतात. ती सवय आहे, लहानपणापासून पेठेत बघून लागलेली.

आता खेळ खरोखरच वाईट झाला तर? होतोच की कधीकधी. तेव्हाही रटाळपेक्षा चांगले शब्द आहेत, मिळमिळीत, अळणी, सपक. हे स्वयंपाकघरातले शब्द मॅचला फार छान बसतात, कारण त्यांचा अर्थ पदार्थ आहे, शिजलाय, पण चव नाही. अमेरिकेतच १९९४ ला वर्ल्ड कप झाला, पॅसाडिनाच्या रोझ बोलमध्ये ९४ हजारांवर माणसं फायनलला, ब्राझील विरुद्ध इटली, एकशेवीस मिनिटांत एकही गोल नाही, शेवटी पेनल्टीवर इटलीच्या बॅज्जोचा चेंडू बारवरून गेला आणि संपलं. ती मॅच मिळमिळीत होती, मला सॉकर कितीही आवडत असलं तरी ती तशी होती. आणि आता हे बघा, पाचच वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच मैदानावर बायकांच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, अमेरिका विरुद्ध चीन, ९० हजारांवर प्रेक्षक, आणि स्कोअर परत तोच, ०-०, परत एकशेवीस मिनिटं, परत पेनल्टी. पण ती मॅच रंगली. जादा वेळेत चीनचा हेडर आत चाललेला, अमेरिकेच्या क्रिस्टिन लिलीने गोललाइनवर उभं राहून डोक्यानेच बाहेर काढला, मग पेनल्टीत अमेरिकेची गोलकीपर ब्रियाना स्करीने एक अडवला, आणि शेवटची ब्रँडी चॅस्टेनने मारली. आजही अमेरिकेत सॉकर न बघणाऱ्या माणसालाही ती आठवते. तेच मैदान, तोच स्कोअर, एक मॅच मिळमिळीत आणि एक रंगलेली. म्हणून 'रंगणे' हे क्रियापद जरूर वापरा ताई. मैफल रंगते, गप्पा रंगतात, पान खाल्लं की तोंड रंगतं, तसाच सामना रंगतो, आणि रंगायला गोलांची संख्या लागत नाही, दोन्ही बाजूंनी जीव लावलेला लागतो.

आता तुमचा दुसरा शब्द, थरारक. थरार आणि थरथर एकाच घरातले, त्यात अंगावर येणारा धक्का आहे. बास्केटबॉल थरारक असतो, दर अर्ध्या मिनिटाला काहीतरी घडतंच. आपली कबड्डीसुद्धा तशीच, तीस सेकंदांची रेड, गडी बाद किंवा गुण किंवा हात हलवत परत. सॉकरची मजा तशी नाही, तिला 'उत्कंठा' म्हणतात. पेपरात 'उत्कंठावर्धक' छापून छापून हा शब्द गुळगुळीत झालाय, पण फोडून बघा, उत् आणि कंठ. मान वर करून बघणं! कोणीतरी यायचंय आणि आपण दारात मान उंचावून रस्त्याकडे बघतोय, ती उत्कंठा. जे घडलंय त्याचा धक्का म्हणजे थरार, जे अजून घडलेलं नाही त्याची ओढ म्हणजे उत्कंठा.

हे मला शब्दकोशातून नाही, एका कॅन्टीनमध्ये समजलं. २३ जून २०१०, बुधवार, न्यू जर्सीत ऑफिसला होतो, सकाळी दहाला साउथ आफ्रिकेतून मॅच सुरू, अमेरिका विरुद्ध अल्जेरिया. बरोबरी झाली तर अमेरिका बहुतेक वर्ल्ड कपबाहेर. कॅन्टीनच्या टीव्हीसमोर आधी आम्ही तिघंचौघंच, त्यात बेसबॉलचा एक कट्टर भक्त, तो फक्त कॉफी घ्यायला आला होता. अमेरिकेच्या डेम्प्सीचा एक गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला, मग त्याचाच एक शॉट खांबाला लागून परत आला, हातातोंडाशी आलेला घास जावा तसं दोनदा झालं, आणि हा माणूस कॉफीचा कप हातात तसाच धरून उभा. नव्वद मिनिटं संपली, ०-०. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला अमेरिकेचा गोलकीपर हॉवर्डने चेंडू लांब फेकला, त्यांचाच डोनोव्हन घेऊन धावला, आणि मी स्क्रीनकडे बघायचं सोडून क्षणभर या माणसाकडे बघितलं तर तो टाचा उचलून, मान ताणून उभा होता, अक्षरशः उत्-कंठ. मग डोनोव्हनने गोल केला आणि आख्खं कॅन्टीन ओरडलं, तो थरार. पण त्याआधीची नव्वद मिनिटं नसती तर तो ओरडा एवढा मोठा झाला नसता. ०-० ची ती नव्वद मिनिटं म्हणजे रिकामा वेळ नव्हे, ती साठत गेलेली उत्कंठा होती. तोच माणूस नंतर मला म्हणाला की हे तर परफेक्ट गेमसारखं आहे, आणि त्याचं खरं होतं. बेसबॉलच्या परफेक्ट गेममध्ये सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद होतात, एकही माणूस पहिल्या बेसवर पोचत नाही, म्हणजे हिशेबाने काहीच घडत नाही, तरी आठव्या इनिंगनंतर सगळं स्टेडियम श्वास रोखून बसतं. १९५६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनल मालिकेत, डॉन लार्सनने टाकलेल्या तसल्या गेमबद्दल अमेरिकन माणूस आजही देवाचं नाव घ्यावं तसं बोलतो. तेव्हा शून्याची उत्कंठा त्यांना कळत नाही असं मुळीच नाही, त्यांना ती दुसऱ्या अंगणात, वडिलांच्या शेजारी बसून शिकवली गेलीये. आणि कंटाळ्याची भीती त्यांच्या अंगणातही आहेच, २०२३ ला बेसबॉलने पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घड्याळ लावलं, बेसवर कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाक, आणि सरासरी मॅच वीसेक मिनिटांहून जास्त आखडली.

'सॉकर' लिहू की 'फुटबॉल', हे तुम्ही विचारलं नाहीये पण वाचक विचारतील, आणि कोणीतरी हमखास म्हणेल की सॉकर हा अमेरिकनांनी बिघडवलेला शब्द आहे. तसं नाहीये, तो इंग्लंडचाच. १८६३ ला तिथे फुटबॉल असोसिएशन झाली, तिच्या नियमांचा खेळ म्हणजे असोसिएशन फुटबॉल, आणि ऑक्सफर्डच्या पोरांना शब्द तोडून शेवटी 'अर' लावायची खोड होती, रग्बीचा रगर केला तसा असोसिएशनमधल्या 'सॉक'चा सॉकर केला. आपण सुरेशचा सुऱ्या आणि प्रकाशचा पक्या करतो तोच प्रकार, जवळिकीचा. अमेरिकेत लेख वाचला जाणार, तिथे फुटबॉल म्हटलं की वेगळंच चित्र उभं राहतं, तेव्हा बिनधास्त सॉकर लिहा.

राहिलं लिंग, कारण मसुद्यात एका ठिकाणी 'सॉकर रटाळ असतो' आहे आणि दुसरीकडे 'सॉकर आवडतं'. फुटबॉल पुल्लिंगी चालतो, हॉकी स्त्रीलिंगी, क्रिकेट आणि टेनिस नपुंसकलिंगी. सॉकर मराठीत नवं आहे, अजून पुरतं ठरलेलं नाही, पण तिकडच्या मराठी घरांत मी 'सॉकर असतं', 'सॉकर संपलं' असंच जास्त ऐकतो, क्रिकेटच्या चालीवर. माझं मत नपुंसकलिंगाला. म्हणजे तुमचं पहिलं वाक्य मी असं करेन: 'अमेरिकन माणसाला सॉकरचा कंटाळा येतो, कारण त्याला खेळ निकाली लागतो, पण एकदा त्याची मान वर झाली की तेच सॉकर त्याला जागचं हलू देत नाही.' यातलं 'लागतो' हवं असेल तर 'हवा असतो' करा, बाकी राहू द्या.