मुलाने गुपचूप गोळ्या बंद केल्यात, आता काय करू?

ताई, कपडे धुताना त्याच्या जीन्सच्या खिशात टिश्यूत गुंडाळलेल्या अकरा गोळ्या सापडल्या हे वाचून धस्स झालं. पण त्याच्यावर ओरडू नका प्लीज. चार महिन्यांत चौदा किलो वाढलं असं तुम्हीच लिहिलंय, चोवीस वर्षांच्या पोराला स्वतःचे कपडे होईनासे झाले तर तो वैतागणारच ना. त्याला आवाज आणि संशयासाठी दिलेल्या ओलान्झापिन या गोळीने भूकच प्रचंड वाढते, त्याला आळशी म्हणणं बंद करा आधी.

मात्र "आता बरा आहे, मग औषध कशाला" हे जे घरात चाललंय ते अजिबात पटलं नाही मला. बरा आहे तो औषधामुळेच, गोळी मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या रिसेप्टरना, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागांना, अडवते म्हणून कानात ऐकू येणारे आवाज शांत झालेत, आजार गेलेला नाही. आणि फसवणूक अशी होते की बंद केल्यावर सुरुवातीला बऱ्याचदा माणूस उलट फ्रेश दिसतो, सुस्ती जाते, वजन उतरतं, सगळे खूश, आणि मग काही आठवड्यांनी नाहीतर महिन्यांनी संशय, आवाज सगळं परत. अशा आजाराच्या पहिल्या झटक्यानंतरसुद्धा साधारण एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात आणि थांबवायचंच झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करत.

तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करा आणि अकरा गोळ्यांचं खरं सांगा. राहिलेले डोस भरून काढायला दुप्पट गोळ्या देऊ नका. मुलगा सज्ञान आहे म्हणून डॉक्टर तुम्हाला काही सांगणार नाहीत कदाचित, पण तुमचं ऐकून घेऊ शकतात. औषध बदलता येतं, अॅरिपिप्राझोल नावाच्या दुसऱ्या गोळीने वजन सहसा कमी वाढतं, पण काहींना त्याने एका जागी बसवत नाही, नुसत्या येरझाऱ्या, तसं झालं तर तेही लगेच कळवायचं. रोजच्या गोळीचाच जाच असेल तर महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन असतं. शुगर, कोलेस्टेरॉल तपासलंय का तेही विचारा. आणि सिगारेटचं लपवू नका हो, धुरामुळे ओलान्झापिनची रक्तातली पातळी कमी होते, ओढणं वाढलं-सुटलं की डोस बघावा लागतो.

अपॉइंटमेंटला आवाजांबद्दल त्याला मराठीतच बोलू दे, डॉक्टरांना मराठी येत नसेल तर दुभाषी मागा, तुम्ही मध्ये भाषांतर करत बसलात तर आईसमोर तो अर्धं गिळून टाकेल.

तोपर्यंत झोपेवर लक्ष ठेवा. सलग दोन-तीन रात्री जागा राहिला, स्वतःशी पुटपुटायला लागला तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन. जीव द्यायचं किंवा कुणाला इजा करायचं बोलला तर थेट इमर्जन्सी.